खडीतले यकृत : घरातील अ‍ॅक्वापोनिक्सविषयी

माझ्या घराच्या बंदिस्त पडवीत दोनशे लिटरची एक टाकी आहे. तिच्यात मासे आहेत, टाकीच्या वर खडीने भरलेले दोन वाफे आहेत आणि त्या खडीत पालक, पुदिना व लेट्यूस वाढतो. माती कोठेही नाही. हे सारे पाहून येणारा पाहुणा बहुधा एकच प्रश्न विचारतो, "म्हणजे डॉक्टर, माशांच्या घाणीवर वाढलेली भाजी तुम्ही खाता?" विचारणारा आपल्याच व्यवसायातला असला तर तो जरा सभ्य शब्दांत विचारतो, एवढाच फरक. या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच आहे. परंतु घाण आणि भाजी यांच्यामध्ये जे काही घडते, ते वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विलक्षण ओळखीचे वाटावे असे आहे. आपल्या स्मरणिकेसाठी याच विषयावर लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली आणि मी ती आनंदाने स्वीकारली.

अ‍ॅक्वापोनिक्स हा शब्द मत्स्यपालन आणि मातीविना शेती या अर्थाच्या दोन इंग्रजी संज्ञांच्या जोडातून झाला. मराठीत मत्स्य-शाक शेती म्हणता येईल, पण तो शब्द घेऊन दुकानात गेल्यास काहीच हाती लागत नाही. कल्पना मात्र जुनी आहे. अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात आपातानी लोक भाताच्या खाचरांतच मासे वाढवतात. आपल्या शेजारच्या गोव्यात खाजन जमिनींत बांध घालून, भरती-ओहोटीचे पाणी मानशीने अडवून, भात आणि मासळी या दोन्हींचा लाभ घेण्याची रीत शतकानुशतकांची आहे. बंदिस्त टाकीतील आजचे रूप अमेरिकेत आकाराला आले. १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत मार्क मॅकमर्ट्री यांनी वाळूच्या वाफ्यांतून माशांचे पाणी फिरवले, तर व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या तक्त्यांत भाजी लावण्याची पद्धत वर्षानुवर्षे मोजमापे घेत पक्की केली. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने लहान प्रमाणावरील अ‍ॅक्वापोनिक्सवर एक सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. माझ्या टाकीचा हिशेब बराचसा त्यावरूनच बसवलेला आहे.

बेळगावात भाजीला तोटा नाही, हे मी आधीच मान्य करतो. गणपत गल्लीत सकाळी गेले की शिवारातले ताजे माळवे पुढ्यात येते. मग हा उपद्व्याप कशासाठी? त्याला एक घरगुती कारण आहे. माझ्या थोरल्या बंधूंचे, आम्ही त्यांना दादा म्हणतो, २०१९ साली मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्यांना आयुष्यभर घ्यावयाची आहेत. प्रत्यारोपणानंतर दिलेल्या पथ्याच्या कागदावर कच्च्या पालेभाज्यांवर फुली होती आणि दादांना पुदिन्याच्या कच्च्या चटणीवाचून जेवण गोड लागत नाही. "बाजारातली नको म्हणतोस, मग घरातली तर चालेल ना?" हा त्यांचा प्रश्न. शहरांच्या सांडपाण्यावर पिकणाऱ्या भाज्यांतून जंतांची अंडी पोटात जातात, आणि जन्मात कधी मांस न खाल्लेल्या रुग्णाच्या मेंदूत सिस्टिसर्कसची गाठ निघून त्याला फेफऱ्याचे झटके येतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा दादांच्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर द्यावे, या हेतूने २०२२ च्या जानेवारीत ही टाकी उभी राहिली. उत्तर काय निघाले ते पुढे येईलच.

आरंभ आपल्या परिचयाच्या एका आकड्याने करू. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आपण नायट्रोजनला ६.२५ ने गुणून प्रथिने काढतो. माझ्या टाकीतील माशांना दिवसाला १५ ग्रॅम खाद्य लागते. त्यात ३२ टक्के प्रथिने धरली तर ४.८ ग्रॅम प्रथिने, म्हणजे सुमारे ०.७७ ग्रॅम नायट्रोजन झाला. यातला एक तृतीयांशाच्या आसपास भाग माशाच्या अंगी लागतो. उरलेला अर्धा ग्रॅम पाण्यात येतो आणि तोही बहुतांशी अमोनियाच्या रूपाने, कल्ल्यांवाटे. माशाला अमोनियाचे युरियात रूपांतर करण्याची यातायात करावी लागत नाही, कारण भोवती पाणीच पाणी असते. नदीत हे ठीक आहे. दोनशे लिटरच्या टाकीत मात्र अर्धा ग्रॅम म्हणजे लिटरला अडीच मिलिग्रॅम, आणि तेही रोज. दोन-तीन दिवसांत मासा स्वतःच्याच अमोनियाने गुदमरेल. रुग्ण पाण्यात आहे आणि त्याला यकृत नाही, अशी ही अवस्था.

ते यकृत आपल्याला बाहेर बांधावे लागते. खडीच्या प्रत्येक तुकड्यावर जिवाणूंचा एक बुळबुळीत पापुद्रा बसतो. त्यातील काही जाती अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे काम जिवाणू करतात आणि त्यावरच आपली उपजीविका चालवतात, हे सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास सिद्ध केले. आपण विद्यार्थी असताना नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडगोळी पाठ केली. २०१५ साली असे आढळले की नायट्रोस्पायरा कुळातील काही जिवाणू दोन्ही पायऱ्या एकट्यानेच पार करतात. नावे बदलली तरी व्यवस्था तीच. माशाला विष असलेला नायट्रोजन येथे वनस्पतीला खाद्य होतो. पाहुण्यांच्या मनात जी 'घाण' असते, ती पालकाच्या मुळाशी पोचेपर्यंत एक साधा क्षार झालेली असते, आणि तोच क्षार शेतकरी पोत्यातून विकत आणतो.

म्हणून या साऱ्या रचनेत मासे आणि भाजी यांपेक्षा खडीचे महत्त्व अधिक आहे. माझे दोन वाफे प्रत्येकी ५५ सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३० खोल आहेत. दोन्ही मिळून शंभर लिटर खडी बसते आणि सुमारे एक तृतीयांश चौरस मीटर जागा लागवडीस मिळते. पालेभाजीच्या एका चौरस मीटरमागे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम माशांचे खाद्य, हे वर उल्लेखिलेल्या ग्रंथातले प्रमाण. त्यावरून १५ ग्रॅमचा आकडा आला. मासा रोज आपल्या वजनाच्या एक ते दोन टक्के खातो, म्हणून एक किलो वजनाचे मासे हवेत. थोडक्यात, किती मासे ठेवायचे हे वाफ्याच्या क्षेत्रफळावरून ठरते, हौसेवरून नाही.

खडी काळ्या दगडाची, अर्धा ते पाऊण इंची घ्यावी. घेण्यापूर्वी तिच्यावर थोडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, ते नसल्यास व्हिनेगर, टाकून पाहावे. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे आणि ती पाण्याचा पीएच सतत वर खेचत राहील. आपल्याकडचा जांभा दिसायला सुंदर, परंतु तो झिजतो आणि पाणी गढूळ करतो, म्हणून नको. काळी खडी मात्र पाणी निवळशंख येईपर्यंत धुवावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. सारे मिळून वजन चारशे किलोच्या घरात जाते, तेव्हा ही मांडणी तळमजल्यावर असलेली बरी. वरच्या मजल्यावर करावयाची असेल तर आधी स्थापत्य अभियंत्याला विचारावे. लोखंडी घोडी मी उद्यमबागेतून जोडून आणली.

टाकीतील लहान पंप १८ वॅटचा आहे. तो पाणी वाफ्यांत चढवतो, आणि तासाभरात टाकीतले सारे पाणी एकदा खडीतून फिरून येते. वाफा दहाएक मिनिटांत भरतो आणि मग आपोआप दीड-दोन मिनिटांत रिकामा होतो. ही किमया घंटा-सायफनची. वाफ्याच्या तळातून वर आलेली एक उभी नळी, तिच्यावर टोपीसारखी पालथी घातलेली दुसरी रुंद नळी आणि त्या टोपीच्या तळाशी खाचा. पाणी उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढले की ते खाली ओसंडू लागते, टोपीतली हवा ओढली जाते आणि सायफन सुरू होतो. पाणी खाचांपर्यंत उतरले की हवा आत शिरून तो तुटतो. जुन्या सार्वजनिक मुताऱ्यांत ठरावीक वेळाने आपोआप पाणी सोडणाऱ्या टाक्या असत, त्यांचेही तत्त्व हेच. भरती-ओहोटीमुळे मुळांना आणि जिवाणूंना पाणी व प्राणवायू आळीपाळीने मिळतात. हे जिवाणू प्राणवायूवाचून काम करीत नाहीत, ही गोष्ट विसरता कामा नये.

नळाला राकसकोपचे पाणी येवो वा हिडकलचे, त्यात क्लोरीन असते. क्लोरीनचे काम जिवाणू मारणे हेच असल्यामुळे ते आपल्या यकृतालाही सोडत नाही. उघड्या पिंपात चोवीस तास पाणी ठेवले की क्लोरीन उडून जाते. आपल्या शहरात पाणी साठवण्याची सवय घराघरांत आहेच, तेव्हा येथे वेगळे काही करावे लागत नाही. ज्या गावी क्लोरामीन वापरतात तेथे ही युक्ती चालत नाही. तेथे सोडियम थायोसल्फेट घालावे लागते.

यानंतरची पायरी धीराची आहे. एका दुकानदाराने मला सांगितले होते, "पाणी भरा, मासे सोडा, रोपे लावा, झाले." बाजारात हाच सल्ला सर्रास मिळतो आणि त्याच आठवड्यात मासे मरतात. जिवाणूंची वसाहत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात मासे न सोडता अमोनिया बाहेरून द्यावा. मी अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा घेतला. त्याच्या वजनाचा २६ टक्के भाग नायट्रोजन असतो. दोनशे लिटरला दोन मिलिग्रॅमचे प्रमाण आणण्यासाठी दीड ग्रॅम पुरे. त्यातच एका परिचिताच्या जुन्या मत्स्यालयातील गाळणीचा स्पंज पिळून घातला. दुधाला विरजण लावण्याचाच हा प्रकार.

मत्स्यालयाच्या दुकानात रंगावरून प्रमाण दाखवणाऱ्या द्रवांचा तपासणी संच मिळतो. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच या चार चाचण्या आम्ही नोंदवहीत लिहू लागलो. नमुना मी काढत असे. रंग तक्त्याशी ताडून पाहणे आणि नोंद करणे हे काम दादांनी आपल्याकडे घेतले. बँकेतली चाळीस वर्षांची सवय असल्यामुळे त्यांच्या वहीत खाडाखोड नाही. बाराव्या दिवशी अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइट प्रथमच दिसले. एकविसाव्या दिवशी नायट्राइट तक्त्यावरच्या सर्वांत गडद रंगाला पोचले. जानेवारी-फेब्रुवारीतील थंडीमुळे जिवाणूंची चाल मंद होती. एक्केचाळिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट ४० मिलिग्रॅम अशी नोंद झाली. चोवीस तासांपूर्वीच दीड ग्रॅम नवसागर घातला होता, तो पूर्ण पचला होता. यकृत कामाला लागले, असे त्या दिवशी म्हणता आले. मासे त्यानंतर आले.

यातील दोन गोष्टींवर डॉक्टर वाचकांसाठी थोडे अधिक लिहितो. पहिली पीएचची. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. भारित अमोनियम कल्ल्यांतून सहसा आत शिरत नाही, अभारित अमोनिया मात्र सहज शिरतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अवघा अर्धा टक्का अभारित असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो आणि ९ ला छत्तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तपासणीत आकडा तोच, पण एका टाकीतला मासा निवांत आणि दुसऱ्या टाकीतला मरणपंथाला. यकृताच्या विकारात बेशुद्धीकडे झुकणाऱ्या रुग्णाला आपण लॅक्ट्युलोज देतो, तेव्हा मोठ्या आतड्यातील आम्लता वाढवून अमोनियाला अमोनियमच्या रूपात अडकवून ठेवणे हाही त्यामागचा एक हेतू असतो. रसायन एकच आहे.

या जिवाणूंच्या कामात आम्ल तयार होते. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे सात ग्रॅम क्षारता खर्ची पडते. त्यामुळे टाकी हळूहळू आम्लपित्ताकडे, नव्हे चयापचयी आम्लतेकडे, सरकते. पीएच ६ च्या खाली गेला की जिवाणू जवळजवळ थांबतात. उपाय आपल्याच शास्त्रातला, बायकार्बोनेट. मात्र खायचा सोडा नको, कारण त्यातले सोडियम साठत जाऊन झाडांना बाधते. पोटॅशियम बायकार्बोनेट आणि चुन्याची निवळी आलटून पालटून, थोडी थोडी द्यावी. झाडांना हवे असलेले पोटॅशियम आणि कॅल्शियम त्यातूनच मिळते. पीएच ६.८ ते ७ च्या दरम्यान ठेवणे ही मासे, जिवाणू आणि वनस्पती या तिघांमधली तडजोड आहे. प्रत्येकाला थोडे गैरसोयीचे, पण कोणालाही असह्य नाही.

दुसरी गोष्ट नायट्राइटची. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरले की हिमोग्लोबिनचे मेथिमोग्लोबिन होते, रक्त चॉकलेटी दिसू लागते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्यामुळे निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांचे वर्णन केले, तो हाच विकार. माशांसाठी इलाज स्वस्त आहे. कल्ल्यांतून क्लोराइड आणि नायट्राइट एकाच वाटेने आत येतात, म्हणून पाण्यात थोडे मीठ घातले की क्लोराइड ती वाट अडवून धरते. पण हा तात्पुरता इलाज. मीठ झाडांना मानवत नाही.

मासे कोणते, याबाबत आमच्या गोव्याकडच्या स्नेह्यांचा फार आग्रह असतो की खाण्याजोगे पाळावेत. परदेशात यासाठी तिलापिया लोकप्रिय आहे. आपल्या देशात त्याच्या पालनावर शासनाचे निर्बंध असून परवाना लागतो. थाई मागूर या नावाने मिळणाऱ्या आफ्रिकी मागूर माशाला तर केंद्र शासनाची २००० सालापासून बंदी आहे. तो स्थानिक माशांचा फडशा पाडतो. मी गोल्डफिश ठेवले आहेत. ते आपल्या हवामानात काटक, स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे आहेत. त्यांच्या नशिबी कढई नाही, त्यामुळे नातवंडेही खूश आहेत. डासांच्या अळ्या ते आवडीने खातात, हा डेंग्यूच्या दिवसांत लहान फायदा नव्हे. खडीतही पाण्याची सर्वांत वरची पातळी पृष्ठभागाच्या चार-पाच सेंटीमीटर खालीच राहील असे पाहावे. वरचा थर कोरडा असला की डासांना अंडी घालायला जागा उरत नाही आणि शेवाळही धरत नाही.

पडवीत ऊन पुरेसे येत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सूर्यदर्शनच दुर्मीळ. म्हणून वाफ्यांवर वीतभर उंचीवर २० वॅटच्या चार एलईडी नळ्या लावल्या आहेत, त्या रोज चौदा तास जळतात. उजेड कमी पडला की रोपे उंच आणि लेचीपेची होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाचे असे की मंद उजेडात पालेभाजी नायट्रेट शोषून घेते पण त्याची प्रथिने करू शकत नाही, त्यामुळे ते पानांत साठते. युरोपीय संघाने ताज्या पालकात किलोला ३५०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती याच चिंतेपोटी. घरात वाढवलेली भाजी म्हणजे निर्धोकच, असे समजून तान्ह्या बाळाला अशा पालकाचे पाणी पाजू नये. मी पाने संध्याकाळी, दिवसभराचा उजेड मिळाल्यावर खुडतो. त्या वेळी नायट्रेट तुलनेने कमी असते.

पालक, पुदिना, लेट्यूस, तुळस आणि अळू यांना ही व्यवस्था मानवते. अळू तर जणू याचसाठी जन्मला आहे. मेथी एकदा मिळते आणि पुढे तिची मुळे कुजू लागतात. गाजर-मुळ्याचा खडीत विचारही करू नये. दोन-तीन महिन्यांनी नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात. हा झाडांचा रक्तक्षय होय. माशांच्या खाद्यात लोह फार थोडे असते. दवाखान्यातल्या फेरस सल्फेटच्या गोळ्या येथे निरुपयोगी, कारण पीएच ७ च्या पाण्यात ते लोह गंजून तळाशी बसते. त्याला धरून ठेवणारे चिलेट हवे. रक्ताच्या नळीतले आणि शिशाच्या विषबाधेतले आपले ईडीटीएसुद्धा या पीएचला पुरे पडत नाही. शेतीच्या दुकानात डीटीपीए बरोबर बांधलेले लोह मिळते, ते तीन आठवड्यांनी लिटरला दोन मिलिग्रॅम या बेताने घालावे. पाणी काही काळ चहासारखे दिसते, त्याने घाबरू नये. कीटकनाशक मात्र कोणतेही नको, कडुनिंबाचे तेलसुद्धा नको. ते माशांना घातक आहे. मावा पडला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा.

वीज जाणे ही खरी आणीबाणी. २५ अंशाला पाण्यात फार तर लिटरला आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो आणि तापमान वाढेल तसा तो कमी होतो. पंप थांबला की मासे आणि जिवाणू दोघेही त्याच साठ्यावर जगतात. दोनशे लिटरला एक किलो मासे ही गर्दी विरळ असल्याने काही तासांची उसंत मिळते. तरीही पाच वॅटचा हवेचा पंप इन्व्हर्टरवर ठेवलेला बरा. पावसाळ्यातील एका वादळी रात्री आमच्या गल्लीत अकरा तास वीज नव्हती. त्या लहानग्या पंपावर सगळे मासे सकाळी सुखरूप होते.

आता संसर्गाविषयी. मानवी विष्ठेचा संबंध नसल्यामुळे फीतकृमीच्या अंड्यांचा प्रश्न येथे उद्भवत नाही, आणि हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ मी मानतो. परंतु 'जंतुरहित' हा शब्द मात्र वापरता येत नाही. मासे शीत रक्ताचे असल्याने ई. कोलायचे ते नैसर्गिक निवासस्थान नव्हे, तरी आपले हात, पक्षी आणि भिंतीवरची पाल यांच्यावाटे ई. कोलाय किंवा साल्मोनेला पाण्यात येऊ शकतात. २०२० साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा टाक्यांच्या पाण्यात आणि मुळांवर विषकारी ई. कोलाय आढळल्याचे नोंदवले. शिवाय मत्स्यालयाचा स्वतःचा म्हणून एक आजार आहे. मायकोबॅक्टेरियम मरीनम हा जिवाणू १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत प्रथम सापडला. बोटावरील किरकोळ ओरखड्यातून तो आत शिरतो, काही आठवड्यांनी तेथे गाठ येते आणि मग हातावरून वर चढणाऱ्या गाठींची माळ दिसते. नेहमीच्या प्रतिजैविकांना ती दाद देत नाही. अशा रुग्णाला 'घरी मासे पाळता का?' एवढे विचारले तर निदानाचे कित्येक महिने वाचतात. प्रयोगशाळेलाही तसे कळवावे लागते, कारण हा जिवाणू ३० ते ३२ अंशाला वाढतो आणि नेहमीच्या ३७ अंशाच्या पेटीत तो हुलकावणी देतो.

दादांना द्यावयाचे उत्तर त्यामुळे असे निघाले. त्यांनी टाकीत हात घालू नये, नमुना मीच काढावा आणि मीही रबरी हातमोजे घालूनच काढावा. वाफ्यातली भाजी त्यांनी शिजवून खुशाल खावी. पुदिना मात्र उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून मगच वाटावा. तो असा वाटला की चटणीचा रंग उतरतो आणि चवही निम्मी होते, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. त्यांच्या प्रत्यारोपण-तज्ज्ञांनीही माझ्याच मताला दुजोरा दिला, म्हणून आमच्यातला वाद तूर्त मिटला आहे. आम्ही बाकीचे घरचे लोक तीच पाने वाहत्या पाण्याखाली धुऊन कच्ची खातो, आणि जेवताना दादा आमच्या ताटाकडे पाहतात. यावर मला तोड सापडलेली नाही.

पैशाचा हिशेबही सांगतो. दिवे, पंप आणि हवेचा पंप मिळून महिन्याला सुमारे पन्नास युनिट वीज जाते. युनिटला सात रुपये धरले तरी साडेतीनशे रुपये झाले. खाद्य वेगळे. उत्पन्न महिन्याकाठी सव्वा किलो पालेभाजी. गणपत गल्लीतल्या कोणत्याही आजीबाईला हा ताळेबंद दाखवला तर ती पदर तोंडाला लावून हसेल. ज्यांच्या गच्चीवर ऊन आहे त्यांना दिव्यांचा खर्च वाचेल, तरीही हा आतबट्ट्याचाच व्यवहार राहील. यातून पैसे वाचतात असे सांगून साहित्य विकणाऱ्यांपासून दूर राहावे. ज्याला आपल्या ताटातले पान कोणत्या पाण्यावर वाढले हे पक्के जाणून घ्यायचे आहे, किंवा निवृत्तीनंतरही रोज एखादा अहवाल वाचल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याने जरूर करावे.

आपल्यापैकी कोणी सुरुवात करणार असल्यास विरजणासाठी माझ्या गाळणीचा स्पंज मी देईन. येताना झाकणाचा, पण हवा खेळेल असा डबा आणावा. स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून न्यावा, नळाच्या पाण्याखाली धुऊ नये, आणि तासा-दोन तासांत तो नव्या टाकीत पिळावा. नवसागर आधी विरघळवून ठेवलेला असावा, म्हणजे जिवाणूंना घरी पोचताच जेवायला मिळेल. मासे मात्र दादांच्या वहीत दोन शून्ये लागोपाठ येईपर्यंत, निदान सहा आठवडे, दुकानातच राहू द्यावेत.